शेपटीकडचं ओलं फडकं

शनिवार, ८ तारीख

उद्या निघायचं. सहा दिवस, चारशे साठ किलोमीटर, शेवटी समुद्र आणि लाईटहाउस. सायकल रेडी, मी डबल रेडी.

ही छोटी वही खिशात मावते म्हणून घेतली. पहिली सहा पानं फ्रेंचची होती, पुढची आठ गिटारची. सगळी फाडून टाकली. कसं फ्रेश वाटतंय.

ताई दाराला टेकून बघत होती. "सहा पानं फ्रेंच, आठ पानं गिटार. सायकलला किती?"

"पूर्ण वही," मी म्हटलं.

"आरंभशूर," ती म्हणाली आणि गेली. मी आईला अर्थ विचारला. आई म्हणाली, "चांगला शब्द आहे रे, शूर आहेच ना त्यात." मग म्हणाली, "नको वाटलं तर फोन कर हं बाळा. बाबा येतील घ्यायला."

ताई आतून ओरडली, "तिसऱ्या दिवशी! दुपारच्या जेवणाच्या आत!"

बाबांनी संध्याकाळीच गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय. कशाला, ते मी विचारलं नाही.

रविवार, ९ तारीख

अकरा जण आणि मागेपुढे करणारा एक टेम्पो. लीडर म्हणजे रिटायर झालेल्या भूगोलाच्या बाई. गळ्यात शिटी, खिशात शाळेचे रंगीत खडू. निघायच्या आधी त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि नियम सांगितले.

जिथे वळायचं तिथे बाई रस्त्यावर खडूनं बाण काढणार. जो सगळ्यात शेवटी असेल, त्यानं तो बाण ओल्या फडक्यानं पुसायचा. त्याला म्हणायचं शेपूट. गेल्या वर्षी यांचे बाण पुसायचे राहिले आणि दुसराच एक ग्रुप त्यांच्यामागून जाऊन कोंबड्यांच्या शेडमध्ये मुक्कामाला पोचला म्हणे. दुसरा नियम, फाट्यावर बाण दिसला नाही तर अंदाज करायचा नाही, तिथेच बसून राहायचं. आणि शेवटचा, जो एकदा जरी टेम्पोत बसला त्यानं समुद्रात चाक बुडवायचं नाही. काठावर उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

मला टाळ्या वाजवायच्या नाहीयेत. मला चाक बुडवायचंय आणि त्याचा फोटो ताईला पाठवायचाय.

मग बाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. माझी नवी सायकल, नवं हेल्मेट, नवे ग्लोव्हज, सगळं वरपासून खालपर्यंत. मग ग्रुपमधल्या टेलरकाकांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ए नवीन, शेपूट तू. टेलर, तुम्ही याच्याबरोबर राहा."

पहिल्याच दिवशी एवढी जबाबदारी! काका बासष्टचे आहेत, सायकल त्यांच्याहून थोडीच लहान असेल. त्यांना सांभाळायला कोणीतरी तरुण पाहिजेच होतं. मी त्यांना म्हटलं, "काका, टेन्शन घेऊ नका, मी आहे मागे."

"बरं झालं बाबा," काका म्हणाले.

काकांना दम फार लागतो बहुतेक. दर चार-पाच किलोमीटरला पुढे कुठेतरी दगडावर बसलेले असतात. मी पोचलो की घोटभर पाणी पितात आणि निघतात. मला थांबायचं नसतं, पण काय करणार, त्यांच्यासाठी थांबावं लागतं. आज अकरा वेळा थांबलो. बाण सात पुसले, एकदम क्लीन. काकांच्या कॅरिअरलासुद्धा एक ओलं फडकं अडकवलेलं आहे. टेलर म्हटल्यावर चिंध्या असणारच.

एक प्रॉब्लेम झाला. बसायच्या जागी भयंकर दुखत होतं. पॅडची चड्डी असून एवढं दुखतं तर नसताना काय होत असेल, असं मी काकांना म्हटलं. काकांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "राजा, पॅड पोटावर घेऊन बसलायस. चड्डी उलटी आहे."

एकोणसत्तर किलोमीटर झाले. बाई एकोणऐंशी म्हणाल्या की एकोणसत्तर, ते मला कळलं नाही. छोटा आकडा लिहिलाय.

सोमवार, १० तारीख

आज घाट. लेगवर्क चांगलं असेल तर घाट हा फक्त माइंडसेटचा प्रश्न असतो, असं मी काल जेवताना सगळ्यांना सांगितलं होतं. आपल्या ग्रुपमधले दातांचे डॉक्टर आज मला त्याची आठवण करून द्यायला खास थांबले. ते सगळ्यांशी तोंडाकडे बघून बोलतात. म्हणाले, "माइंडसेट राहू दे, तोंड मीट. धूळ जातीय आत."

तिसऱ्या वळणावर फोन वाजला. अनोळखी नंबर.

"सायकल आहे का अजून?"

"आहे," मी धापा टाकत म्हटलं.

"कंडिशन कशी आहे?"

"कोणाची?"

दोन वळणं गेल्यावर दुसरा फोन. मग तिसरा. चौथ्या माणसानं मला जाहिरात वाचून दाखवली: 'सायकल विकणे आहे. चार वेळा वापरलेली. मालकाचा उत्साह संपल्यामुळे.'

ताईला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, आत्तापासून टाकली की शनिवारपर्यंत गिऱ्हाईक मिळतं. गिटारच्या वेळी केवढा उशीर झाला होता, आठवतंय ना?"

मी म्हटलं, "मी तिच्यावर बसलोय आत्ता!"

"बसलायस की ढकलतोयस?"

मी फोन ठेवला. ढकलत होतो.

वर पोचलो तर काका झाडाखाली बसून माझ्या फाटक्या ग्लोव्हजची वाट बघत होते. सकाळीच म्हणाले होते, वर गेल्यावर शिवून देतो. आधी मला वाटलं, हे इतके पुढे कसे पोचले? मग आठवलं, मी फोनवर होतो ना.

मंगळवार, ११ तारीख

पंक्चर. स्वतः काढलं. व्हिडिओ बघून बघून पाठ आहे मला. ट्यूब बदलली, हवा भरली, दोनशे मीटर गेलो, परत फुस्स. दुसरी ट्यूब टाकली. दीडशे मीटर.

काका पुढच्या दगडावरून उठून मागे आले. त्यांनी टायरच्या आतून बोट फिरवलं आणि एक छोटा खिळा काढून माझ्या हातावर ठेवला.

"ट्यूब बदललीस, ते बरं केलंस. पण याला घर बदलायला सांगायचं राहिलं."

मग हात काळे, तोंड काळं, ऊन डोक्यावर, आणि पुढे अजून बेचाळीस किलोमीटर. हे बेचाळीस नक्की बेचाळीस आहेत, पाटीवर आकड्यात होतं. वहीची चार पानं हात पुसण्यात गेली. पावणेबारा वाजले होते. तिसरा दिवस, दुपारच्या जेवणाच्या आत. मी घड्याळाकडे बघितलं आणि ताईचा एवढा राग आला की रडू यायला लागलं.

नेमका तेव्हाच फोन. एक नर्स होत्या. आवाज फार चांगला होता. त्यांना ड्युटीवर जायला सायकल पाहिजे होती.

"घेऊन जा," मी म्हटलं. "शनिवारी या. माझ्याकडून घेऊन जा."

फोन ठेवल्यावर बघितलं तर काका सायकलचं चाक फिरवून बघत होते, जणू काही ऐकलंच नाही.

"काका, आरंभशूर म्हणजे काय?"

"सुरुवातीला शूर असतो तो."

"आणि मग?"

"मग काय माहीत. आपण शेवटाला असतो, आपला काय संबंध? चल, डॉक्टर वाट बघत असेल तुझ्या दातांची."

बाबांना फोन करणार होतो. केला नाही, कारण हात काळे होते आणि फोन नवा आहे.

गुरुवार, १३ तारीख

काल लिहिलं नाही. काल काहीच झालं नाही, फक्त सायकल चालवली. एकदम लक्षात आलं की हे पहिल्यांदाच झालं.

आजचं लिहायलाच पाहिजे.

सकाळी रस्ता कालव्याच्या कडेनं होता. सपाट, पाठीवर वारा. चार दिवसांत पहिल्यांदा सायकल मला घेऊन चालली होती. मी कानात गाणी लावली. मोठ्यानं म्हणतही होतो. वाटेत एक बस स्टॉप गेला, शेडबिड असलेला. मग पूल आला आणि पुलाशी फाटा. सरळ कालव्यानं जायचं की उजवीकडे पूल ओलांडायचा? पिवळा बाण उजवीकडे होता. काका पुढे दिसत नव्हते. म्हटलं, आज त्यांच्याही पाठीवर वारा आहे, गेले असतील म्हातारबुवा फॉर्मात. फडकं काढलं, बाण पुसला. मला म्हणायला हरकत नाही, एवढा स्वच्छ बाण मी कधीच पुसला नव्हता.

पुढे चौदा किलोमीटरवर जेवायचा थांबा होता. बाईंनी शिटी वाजवून मोजले.

"दहा," त्या म्हणाल्या. परत मोजले. "दहाच. टेलर कुठे आहेत?"

"पुढे गेले ना?" मी म्हटलं.

"पुढे कसे जातील?" बाई म्हणाल्या. मला कळेना, का नाही जाणार पुढे? मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पुलाजवळचा बाण पुसलास?"

"हो. एकदम क्लीन."

डॉक्टरांनी जेवता जेवता तोंड मिटलं. तेव्हा मला कळलं की काहीतरी फार वाईट झालंय.

काका त्या बस स्टॉपच्या शेडमध्ये माझ्यासाठी थांबले होते, हे नंतर कळलं. मला हाका मारत असणार आणि मी गात होतो. काकांकडे फोन नाही. "सायकलवर फोन म्हणजे तिसरं हँडल," असं म्हणतात. टेम्पो सामान घेऊन मुक्कामाला पुढे गेलेला, आणि टेम्पोवाल्याचा फोन लागत नव्हता. म्हणजे बासष्ट वर्षांचा माणूस बाण नसलेल्या फाट्यावर उन्हात, आणि बाण मीच पुसलेला.

डॉक्टर उठायला लागले. मी म्हटलं, "नाही, मी जातो."

बाई म्हणाल्या, "वारा समोरून आहे."

"माहीत आहे."

माहीत नव्हतं. सकाळी जो वारा माझा मित्र होता, तोच आता छातीवर हात ठेवून मागे ढकलत होता. चौदा किलोमीटरला दीड तास लागला. वाटेत मनात सगळं येऊन गेलं. काका अंदाज करून कालव्यानं निघाले असतील, चक्कर येऊन पडले असतील. त्यांच्या घरी काय सांगायचं? ऑफिसमध्ये मी दिवसभर चॅटवर लोकांच्या कंप्लेंट घेतो, तेव्हा वाक्य तयार असतं. तेच डोक्यात फिरायला लागलं.

पूल आला. कठड्यावर काका बसले होते. मांडीवर एक खाकी शर्ट, दातात दोरा. शेजारी कालव्याच्या दारावरचा वॉचमन बनियनवर उभा होता. त्याच्यामागे एक बाई, हातात बंद तुटलेली पिशवी घेऊन.

"आलास? बस," काका म्हणाले. "दोनच बटणं राहिलीत."

माझ्या तोंडून आलं, "काका, झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी."

"मग मी म्हण."

"मी चुकलो, काका."

"हं." त्यांनी दोरा तोडला. "पुसण्याच्या आधी मागे बघायचं असतं, राजा. पुसायला काय, पाऊसपण पुसतो."

मी विचारलं, "तुम्हाला रस्ता माहीत नव्हता?"

"सात वर्षं येतोय याच रस्त्यानं."

"मग आला का नाहीत?"

"बाण नव्हता. बाण नाही तर बसायचं. मी आलो असतो निघून, आणि तू मला शोधत दुसरीकडे गेला असतास, तर? हरवलेल्या माणसानं एका जागी बसायला पाहिजे, नाहीतर शोधणाराही हरवतो."

"मी येणार हे माहीत होतं तुम्हाला?"

"येणार ते माहीत होतं. तुला कळायला किती वेळ लागेल, तेवढंच माहीत नव्हतं. म्हणून म्हटलं, बटणं लावून घेऊ."

पिशवीचा बंद होईपर्यंत टेम्पो आला. बाईंचा निरोप कसातरी पोचला होता. टेम्पोवाल्यानं मागचं फळकूट खाली सोडलं. "चला दोघंही. बाई म्हणाल्या, आज कोणी काही म्हणणार नाही."

काका उठले आणि परत बसले. गुडघा आखडला होता, तीन तास कठड्यावर बसून. मग दात आवळून उठले. "तू बस हवं तर," मला म्हणाले. "मी येतो हळूहळू. मला जरा चाकाचं काम आहे समुद्रात."

माझे पाय म्हणत होते बस. खरं सांगायचं तर पायांनी अर्धा निर्णय घेतलाच होता. मी म्हटलं, "मी शेपूट आहे. तुमच्या आधी कसा बसणार?"

"मग सही करा," टेम्पोवाला म्हणाला आणि डॅशबोर्डवरून बाईंचं रजिस्टर काढलं. टेम्पो नाकारला तर सही लागते. शाळेतून रिटायर झाल्या, पण शाळा त्यांच्यातून रिटायर झालेली नाही. मी पान उघडलं. वर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं:

'शेपूट – टेलर. नवीन मुलगा – टेलरच्या नजरेत ठेवणे. फडकं त्याच्याही हातात द्यावे, म्हणजे मागे राहिल्याचे वाईट वाटणार नाही.'

आधी वाटलं, बाईंनी नावं उलटी लिहिली. होतं असं, आमच्याकडे पण कस्टमरची नावं स्वॅप होतात. मग मी पाणी प्यायलो. मग परत वाचलं. मग रविवारपासूनचा एकेक दगड आठवायला लागला, आणि प्रत्येक दगडावर काका बसलेले. एकदाही त्यांना धाप लागलेली नव्हती.

मी सही केली.

शुक्रवार, १४ तारीख

शेवटचे एक्काहत्तर किलोमीटर. काकांचा गुडघा सकाळीसुद्धा वाकत नव्हता. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, "मी दातांचा आहे, पण चोळा."

काका आज खरोखर हळू होते. त्यांच्या शेजारून चालवलं की ते जोर लावायचे, दाखवायला. मागे राहिलो की सारखे वळून बघायचे. तेव्हा मला कळलं, हे काम करायची एकच जागा असते. मी थोडा पुढे गेलो आणि एका दगडावर बसलो.

काका आले. "काय झालं?"

"काही नाही. लेस सुटली होती."

मी घोटभर पाणी प्यायलो. निघालो. चार किलोमीटरवर परत दगड, परत लेस. मग आणखी एकदा. काही गोष्टी करताना समोरच्याला कळलं नाही पाहिजे, याची एवढी मजा असते हे मला माहीत नव्हतं. सहाव्या दगडाशी काका थांबले, माझ्या बुटांकडे बघितलं.

"राजा, वेलक्रो आहे तो."

मी बुटांकडे बघितलं. वेलक्रोच होता.

"सुटतो तोपण," मी म्हटलं.

काका माझ्या शेजारी दगडावर बसले आणि बाटली मागितली. "मलाही धाप लागते आजकाल," म्हणाले. "दर पाच किलोमीटरला."

आम्ही दोघं एवढे हसलो की पाणी नाकात गेलं. रजिस्टरबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

चार वाजता समुद्र दिसला. लाईटहाउसच्या आधी शेवटचा फाटा, शेवटचा बाण, तांबडा. मी फडकं काढलं. आधी मागे बघितलं. मागे काका थांबले होते, त्यांच्याही हातात फडकं.

"काका, तुम्ही पुढे व्हा, मग पुसतो."

"तू पुढे हो. मी पुसतो."

"मी शेपूट आहे."

"कोण म्हणतं?"

पाच मिनिटं भांडलो. पुढून शिट्टीवर शिट्टी ऐकू येत होती. शेवटी बाई स्वतः चालत आल्या, दोन फडक्यांकडे बघितलं, आणि शाळेत म्हणतात तसं म्हणाल्या, "दोघंही! आत!"

आम्ही एकदमच गेलो, हँडलला हँडल घासत. बाण राहिला तिथेच. ज्या कुणाला तो दिसेल, तो फार तर समुद्रावर पोचेल, एवढंच.

अकरा चाकं पाण्यात. डॉक्टरांनी फोटो काढला. त्यात माझे डोळे मिटलेत आणि त्यांच्या मते खालचा एक दात तपासायला पाहिजे. ताईला पाठवला. तिचं उत्तर आलं: 'एडिट केलाय का?' मग दोन मिनिटांनी: 'बाबा विचारतायत, गाडीतल्या पेट्रोलचं काय करायचं?' मग बऱ्याच वेळानं: 'जाहिरात काढली.'

त्या नर्सचाही फोन आला. "उद्या येऊ ना सायकल बघायला?"

"या ना. बघायला नक्की या. फक्त विकायची नाहीये आता."

"मग बघायचं काय?"

खरं होतं त्यांचं. मी सॉरी म्हटलं. 'आम्ही' नाही म्हटलं. काकांकडे एक जुनी सायकल आहे घरी, ती ते नीट करून देतायत त्यांना.

टेम्पो भरतायत. परत जाताना बसायला परवानगी आहे. काका पुढच्या सीटवरून हात हलवतायत. मी म्हटलं, तुम्ही मोजा सगळे, मी शेवटी चढतो.

चार पानं ग्रीस पुसण्यात गेली, एका पानात बाईंनी उरलेले खडू गुंडाळून नेले, बाकीची सगळी मी लिहिली. हे शेवटचं. खाली दोन ओळी उरल्यात. ताईला काही सांगणार नाही, वही नुसती टेबलावर ठेवणार, उघडी, शेवटच्या पानावर.